कल्पित व निर्मित तुर्की भाषा

प्रत्यक्षात न घडलेल्या, पण घडू शकला असता अशा इतिहासाच्या चौकटीत, तुर्की भाषासमूहाच्या ध्वनिनियमांस व व्याकरणास धरून रचलेल्या भाषेस कल्पित तुर्की भाषा म्हणता येईल. पर्यायी इतिहास हा कथावाङ्‌मयाचा प्रकार मराठी वाचकास अपरिचित नाही. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ च्या लढाईचा निकाल उलटा लागलेले जग येते. अशा जगातील माणसे कोणती भाषा बोलत असतील, हा प्रश्न कथाकार बहुधा टाळतो. वस्तुतः लढाईचा निकाल बदलला की राज्यकर्ते बदलतात, त्यांच्याबरोबर दप्तराची भाषा बदलते आणि शंभर-दोनशे वर्षांत बाजारातली भाषाही पूर्वीची राहत नाही. या दृष्टीने तुर्की समूह विशेष अभ्यसनीय आहे. पूर्व सायबीरियापासून बाल्कनपर्यंत तो पसरला आहे, त्याचे ध्वनिनियम बरेच काटेकोर आहेत आणि त्यातील अनेक भाषा गेल्या चार-पाचशे वर्षांत माणसांनी जाणूनबुजून घडविल्या, मोडल्या व पुन्हा घडविल्या आहेत. कादंबरीकाराने कल्पिलेली भाषा आणि शासनाने अगर पंडिताने निर्माण केलेली भाषा यांतील सीमारेषा येथे वाटते तितकी स्पष्ट नाही. प्रस्तुत लेखात ‘तुर्की’ ही संज्ञा संपूर्ण समूहासाठी वापरली असून तुर्कस्तानच्या राष्ट्रभाषेचा उल्लेख तसा स्वतंत्रपणे केला आहे.

समूहाची लक्षणे थोडक्यात अशी : शब्दांत लिंगभेद नाही, क्रियापद, मराठीप्रमाणेच, वाक्याच्या शेवटी येते, मूळ शब्द न मोडता त्यास प्रत्ययांमागून प्रत्यय जोडले जातात. तुर्कस्तानच्या भाषेत ‘एव्’ म्हणजे घर, ‘एव्‌लेर’ घरे, ‘एव्‌लेरिमिझ’ आमची घरे आणि ‘एव्‌लेरिमिझ्‌देन’ आमच्या घरांतून. प्रत्ययातील स्वर मूळ शब्दातील स्वराशी जुळवून घेतो. घरांचा ‘लेर’ घोड्यांपुढे ‘लार’ होतो : ‘आत’, ‘आत्‌लार’. यास स्वरसंवाद म्हणतात. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे भाषाभाषांतील ध्वनींची नियमित जुळणी. ‘रस्ता’ या अर्थाचा तुर्कस्तानातील ‘योल’ कझाकमध्ये ‘जोल’, चुवाशमध्ये ‘शुल’ व याकूतमध्ये ‘सुओल’ असा होतो. पायास प्राचीन तुर्कीत ‘आदाक’ म्हणत. तोच शब्द तुर्कस्तानात ‘आयाक’, खाकासमध्ये ‘आझाख’, याकूतमध्ये ‘आताख’ आणि चुवाशमध्ये ‘उरा’ आहे. तुर्की भाषांचे वर्गीकरण करताना अभ्यासकांनी या एका शब्दावर पुष्कळ भिस्त ठेवली, ती यामुळेच.

या जुळण्यांची पहिली मोठी नोंद अकराव्या शतकातील आहे. काश्गरच्या महमूदाने १०७२ ते १०७७ च्या सुमारास बगदादमध्ये अरबी भाषेत तुर्की शब्दांचा कोश रचला. कोणत्या टोळीच्या तोंडी कोणता ध्वनी येतो, हे त्याने शब्दागणिक टिपले. त्याच्या कोशाची एकच हस्तलिखित प्रत शिल्लक राहिली व ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इस्तंबूलमध्ये एका ग्रंथसंग्राहकाच्या हाती लागली. त्याआधी १८९३ मध्ये डॅनिश पंडित व्हिल्हेल्म टॉमसन यांनी मंगोलियातील ओर्खोन नदीकाठच्या आठव्या शतकातील शिलालेखांची लिपी उलगडली होती. या दोन साधनांमुळे कोणत्याही आधुनिक तुर्की भाषेची वाटचाल मागे नेऊन पाहणे शक्य झाले. मागे जाता येते म्हणूनच वेगळ्या वाटेने पुढेही येता येते. कल्पित भाषेची सारी मदार या गोष्टीवर आहे.

इतिहासाने स्वतःच सोडून दिलेल्या अशा वाटा अनेक आहेत. सर्वांत आकर्षक वाट पश्चिमेकडील ओगूर शाखेची. व्होल्गा व डॅन्यूबकाठचे बल्गार या शाखेचे होते. कास्पियनच्या उत्तरेस राज्य करणारे खझारही बहुधा त्याच शाखेचे असावेत. आज तिची एकच भाषा जिवंत आहे, ती व्होल्गाकाठची चुवाश. इतर तुर्की भाषांत जेथे ‘झ’ येतो तेथे या शाखेत ‘र’ आणि जेथे ‘श’ येतो तेथे ‘ल’ आढळतो. मुलीस तुर्कस्तानात ‘किझ’ तर चुवाशमध्ये ‘खेर’. दगडास अनुक्रमे ‘ताश’ व ‘चुल’. नवव्या शतकात खझारांनी बांधलेल्या सार्केल या किल्ल्याच्या नावाचा अर्थ ‘पांढरे घर’ असा जुन्या लेखकांनी दिला आहे आणि चुवाशमध्ये आजही ‘शुरा’ म्हणजे पांढरे व ‘किल’ म्हणजे घर. खझारांचे राज्य दहाव्या शतकात मोडले नसते तर त्यांच्या दरबारात काय ऐकू आले असते, याचा अंदाज आणखी एका अनपेक्षित ठिकाणी मिळतो. हंगेरियन भाषा तुर्की नव्हे. पण स्टेपच्या प्रदेशात असताना तिने ओगूर शेजाऱ्यांकडून शब्द उचलले व ते जपले. बैलासाठी हंगेरियन ‘ओकोर’ व तुर्कस्तानी ‘ओक्युझ’, समुद्रासाठी ‘तेन्गेर’ व ‘देनिझ’, जुळ्यांसाठी ‘इकेर’ व ‘इकिझ’ ही जोडपी पाहिली की हरवलेल्या शाखेचा ‘र’ स्पष्ट दिसतो. खझारांची भाषा कल्पून लिहिणाऱ्याने आधी हंगेरियन शब्दकोश उघडावा, हे ऐकावयास विचित्र वाटले तरी खरे आहे.

हंगेरीतच दुसरी एक वाट संपली. मंगोलांच्या रेट्यापुढे माघार घेणाऱ्या कुमान टोळ्यांना राजा चौथा बेला याने १२३९ मध्ये आश्रय दिला. त्यांची किपचाक तुर्की भाषा पाचशे वर्षे टिकून राहिली. ती थोडीबहुत येणारा शेवटचा माणूस १७७० मध्ये मरण पावला असे मानतात. याच भाषेचा एक शब्दसंग्रह चौदाव्या शतकाच्या आरंभी इटालियन व्यापारी व जर्मन धर्मोपदेशक यांच्या हातून तयार झाला. तो व्हेनिस येथे आहे. पोलंडच्या राज्यातील ल्व्होव्ह व कामेनेत्स येथील आर्मेनियन वसाहतीने तर आर्मेनियन धर्म व आर्मेनियन लिपी कायम ठेवून किपचाक हीच आपली व्यवहारभाषा केली. त्यांच्या न्यायसभांची सोळाव्या-सतराव्या शतकांतील दप्तरे या भाषेत आहेत आणि १६१८ मध्ये ल्व्होव्ह येथे तिच्यात एक प्रार्थनापुस्तक छापले गेले. हे कोणा कादंबरीकाराने कल्पिले असते, तर टीकाकारांनी ते अशक्य कोटीतले ठरविले असते.

आनातोलियातील करामानली ख्रिस्ती तुर्की बोलत व ती ग्रीक लिपीत लिहीत. १९२३ च्या करारान्वये ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली. तिचा निकष धर्म हा होता, भाषा हा नव्हे. त्यामुळे तुर्कीभाषक ख्रिस्ती ग्रीसला धाडले गेले व क्रीटमधील ग्रीकभाषक मुसलमान तुर्कस्तानात आले. दोघांचीही भाषा नव्या देशात शत्रूची भाषा ठरली. करामानली वाङ्‌मयाची परंपरा तेथे थांबली.

भारताशी संबंध असलेली वाट चगताई भाषेची. हेरातचा कवी अली शीर नवाई (१४४१–१५०१) याने फार्सी व तुर्की यांची तुलना करणारा ग्रंथ आयुष्याच्या अखेरीस लिहिला आणि तुर्कीची बाजू हिरिरीने मांडली. बाबराने आपल्या आठवणी याच भाषेत लिहिल्या. परंतु त्याच्या नातवाच्या कारकीर्दीत, १५८९ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानान याने त्यांचा फार्सी अनुवाद सादर केला. दिल्लीत व दक्षिणेत तुर्की वंशाचे राज्यकर्ते असूनही दप्तर फार्सीच राहिले. तोफ, चाकू, कैची, बेगम, खान यांसारखे शब्द मराठीत आले तेही फार्सीच्या मार्गाने. मोगलांनी चगताई सोडली नसती तर, ही कल्पना मोहक असली तरी तिच्यात एक अडचण आहे. फार्सी ही केवळ दरबाराची हौस नव्हती; हिशेब, महसूल व पत्रव्यवहार जाणणारा कारकून वर्ग त्या भाषेत तयार मिळत होता. चगताईपाशी असा वर्ग नव्हता. भाषा बदलावयाची तर कल्पनाकाराने आधी कारकून बदलले पाहिजेत.

हेतुपुरस्सर भाषानिर्मितीचे उदाहरणही तुर्की जगतात फार जुने आहे. एदिर्ने येथे जन्मलेला व कैरोस स्थायिक झालेला सूफी मुह्यी गुलशनी याने सोळाव्या शतकात ‘बालैबलन’ नावाची भाषा रचली. तिचे शब्द बहुतांशी त्याने स्वतः घडविले. व्याकरणात अरबी, फार्सी व तुर्की यांचे संस्कार आहेत आणि प्रत्यय जोडण्याची रीत तुर्कीची आठवण देते. लिपी अर्थातच ऑटोमनांची. ही भाषा पंथातील गूढार्थ व्यक्त करण्यासाठी असावी, असे दिसते. फ्रेंच पंडित सिल्व्हेस्त्र द सासी याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. एस्पेरांतोच्या (१८८७) तीनशे वर्षे आधीची ही रचना होय.

याच्या अगदी उलट प्रकृतीचा प्रयत्न क्रिमियातील पत्रकार इस्माइल गास्प्रिन्स्की (१८५१–१९१४) याचा. १८८३ मध्ये बागचेसराय येथे त्याने ‘तर्जुमान’ हे वृत्तपत्र काढले. त्यातील भाषा कोणत्याही एका गावची नव्हती. ऑटोमन तुर्कीतील अरबी-फार्सी समासांचा भार कमी करून, क्रिमियन व इतर बोलींना सहज वाटतील असे शब्द घेऊन, बॉस्फरसच्या नावाड्यापासून काश्गरच्या उंटवाल्यापर्यंत सर्वांना समजेल असे तुर्की घडविणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. नव्या ध्वनिपद्धतीने अक्षरओळख शिकविणाऱ्या शाळांचा तो प्रवर्तक होता व त्या पद्धतीच्या प्रचारासाठी १९१२ मध्ये तो मुंबईसही येऊन गेला. विशेष म्हणजे त्याने पर्यायी इतिहासासारखे लेखनही केले. ताश्कंदचा एक मुल्ला स्पेनमध्ये जातो आणि ग्रानाडाच्या पाडावानंतर डोंगराआड लपून राहिलेले एक प्रगत मुस्लिम राज्य त्यास सापडते, अशी त्याची कथा ‘तर्जुमान’मधून प्रसिद्ध झाली. न घडलेला इतिहास आणि न बोलली जाणारी भाषा हे दोन्ही उद्योग एकाच मेजावर चालले होते. त्याची समान भाषा वाचली गेली, पण घराघरांत बोलली गेली नाही.

रशियन क्रांतीनंतर वारे फिरले. १९२६ मध्ये बाकू येथे भरलेल्या तुर्कविद्या परिषदेने अरबी लिपीऐवजी लॅटिन स्वीकारण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. पुढील काही वर्षांत सोव्हिएट तुर्की भाषांना लॅटिन वर्णमाला मिळाल्या. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या काढून रशियन धर्तीची सिरिलिक लिपी लादण्यात आली. दहा-बारा वर्षांत दोन वेळा माणसे निरक्षर झाली. उझबेक भाषेचा आधारही असाच ठरावाने हलविला गेला. आरंभी तिच्या लेखनात स्वरसंवाद दाखविणारी नऊ स्वरचिन्हे होती. १९३४ मध्ये ताश्कंदच्या शहरी बोलीस प्रमाण मानून ती सहावर आणण्यात आली, आणि तुर्की समूहाचे सर्वांत ओळखीचे लक्षण प्रमाण उझबेकच्या लेखनातून गेले. बाकू परिषदेत भाग घेतलेले क्रिमियन पंडित बेकिर चोबानझादे यांना १९३७ मध्ये व चगताई वारशाचे अभ्यासक अब्दुर्रऊफ फित्रत यांना १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. वर्णमालेविषयीची मते त्या काळी इतकी महाग पडत.

तथापि भाषानिर्मितीचा सर्वांत मोठा व यशस्वी प्रयोग तुर्कस्तानात झाला. १९२८ च्या ऑगस्टमध्ये इस्तंबूलच्या गुल्हाने उद्यानात मुस्तफा केमाल यांनी नव्या अक्षरांची घोषणा केली. १ नोव्हेंबर रोजी कायदा झाला आणि १९२९ च्या आरंभापासून पुस्तके २९ लॅटिन अक्षरांतच छापणे बंधनकारक झाले. १९३२ मध्ये भाषासंस्था स्थापन झाली. गावोगावच्या बोलींतून व जुन्या हस्तलिखितांतून शब्द गोळा करून १९३४ मध्ये पर्यायकोश प्रसिद्ध करण्यात आला. त्यात एकेका अरबी शब्दास इतके पर्याय होते की दोन लेखकांचे एका शब्दावर एकमत होईना. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी स्वीडनच्या युवराजांच्या मेजवानीप्रसंगी केमाल यांनी शुद्ध तुर्कीत केलेले भाषण जमलेल्या तुर्कांनाच जवळजवळ दुर्बोध झाले. देशाचा प्रमुख आपल्याच राजधानीत, अद्याप अस्तित्वात न आलेल्या देशाची भाषा बोलत होता.

नंतरच्या माघारीची युक्तीही तितकीच कल्पक होती. व्हिएन्नाच्या हेर्मान क्व्हेर्गिच याच्या टिपणावरून १९३५-३६ मध्ये ‘सूर्यभाषा सिद्धांत’ पुढे आला. आदिमानवाने सूर्याकडे पाहून काढलेला पहिला उद्‌गार तुर्की होता. सबब जगातील सर्व भाषा तुर्कीतून निघाल्या. सबब अरबी-फार्सी शब्दही मुळात तुर्कीच आणि ते काढून टाकण्याचे कारण नाही. विज्ञान म्हणून हा सिद्धांत टाकाऊ होता, पण लेखकांना त्याने श्वास घेऊ दिला. केमाल आतातुर्क यांच्या मृत्यूनंतर (१९३८) तो मागे पडला. शब्दघडणी मात्र चालू राहिली.

या घडणीच्या रीती तीन होत्या. पहिली, जिवंत धातूस जिवंत प्रत्यय : उडणे या अर्थाच्या ‘उच’ धातूपासून विमानासाठी ‘उचाक’. दुसरी, मृत किंवा दूरच्या भाषेतून आणलेला शब्द : राष्ट्र या अर्थी ‘उलुस’, जो मंगोलमधून परत आला. तिसरी रीत व्याकरणदृष्ट्या संशयास्पद, पण लोकांस सर्वाधिक मानवली. परकीय शब्दाच्या नादावर तुर्की भासणारा शब्द बेतणे. वाचणे या अर्थाचा ‘ओकु’ धातू व फ्रेंच ‘एकोल’ यांच्या मीलनातून शाळेसाठी ‘ओकुल’ झाला आणि अरबी ‘मेक्तेब’ हटला. ‘जनरल’ या युरोपीय शब्दाच्या धर्तीवर ‘गेनेल’ झाला. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेली भूमितीची पुस्तिका स्वतः आतातुर्क यांनी लिहिली होती. त्रिकोण, कोन, अधिक, उणे यांसाठी तीत वापरलेले शब्द आजही शाळांत चालतात. संगणकासाठीचा ‘बिल्गिसायार’ (‘माहिती मोजणारा’) हा १९६० च्या दशकाच्या अखेरीचा शब्दही सहज रुळला. प्रस्तुत लेखकाच्या मते शास्त्रीय परिभाषेतील हे यश निर्विवाद आहे. भावनेच्या व छटांच्या शब्दांत झालेली हानीही तितकीच निर्विवाद आहे.

मराठीतील प्रयत्नांशी याची तुलना बोधप्रद ठरते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडिताने रचलेला राज्यव्यवहारकोश आणि विसाव्या शतकातील सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ यांमागेही अरबी-फार्सी शब्दांना पर्याय देण्याचा हेतू होता. महापौर, दिनांक असे शब्द टिकले. पण ‘तारीख’ही टिकली. मराठीत लिपी बदलली नाही व कायद्याची सक्ती नव्हती, म्हणून जुने व नवे शेजारी राहू शकले. तुर्कस्तानात नातवास आजोबांची पत्रे वाचता येईनात. खुद्द केमाल यांनी १९२७ मध्ये सहा दिवस केलेले प्रसिद्ध भाषण १९६० च्या दशकापासून तरुणांसाठी आधुनिक तुर्कीत उतरवून छापावे लागले. भाषा हे पक्षाचे निशाणही बनले. संविधानाचा मजकूर १९४५ मध्ये शुद्ध तुर्कीत आणला गेला, १९५२ मध्ये सत्तांतरानंतर पुन्हा जुन्या भाषेत गेला आणि १९६१ च्या नव्या संविधानाने परत नव्या भाषेची बाजू घेतली. कुर्दांची कथा आणखी कटू आहे. २९ अक्षरांत नसलेली क्यू, डब्ल्यू व एक्स ही अक्षरे असलेली कुर्दी नावे नोंदविण्यास १९२८ च्या कायद्याचा आधार घेऊन नकार मिळे; हे निर्बंध २०१३ मध्ये सैल करण्यात आले.

कल्पित तुर्की भाषा रचणारे बहुतेक जण आजच्या तुर्कस्तानी शब्दकोशापासून आरंभ करतात, आणि नेमकी येथेच फसगत होते. ऑटोमन साम्राज्य पहिल्या महायुद्धात टिकून राहिले अशा जगात ‘ओकुल’ हा शब्द असू शकत नाही. तेथील मुले ‘मेक्तेब’मध्येच जातील. वाक्यरचनेचेही तसेच आहे. स्लाव्ह शेजाऱ्यांत राहिलेल्या गागाउझ व काराइम भाषांत क्रियापद कर्माच्या आधी येऊ लागले आहे. तंजावरकडील मराठीवर तमिळची छाया पडली, त्यातलाच हा प्रकार. सर्व बाजूंनी शुद्ध, नियमित व निर्मळ दिसणारी तुर्की भाषा इतिहासात कोठेही वाढलेली नाही. अशी भाषा दिसली की ती १९३० नंतरच्या अंकारातील एखाद्या समितीतून आली आहे असे खुशाल समजावे.

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर (१९९१) हा उद्योग पुन्हा सुरू झाला. आझरबैजानने त्याच वर्षी व तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान यांनी १९९३ मध्ये लॅटिनकडे वळण्याचे ठरविले. तुर्कमेनच्या पहिल्या नव्या वर्णमालेत डॉलर, येन व पौंड यांच्या चिन्हांना अक्षरांचे काम देण्यात आले होते. काही वर्षांत ती चिन्हे गेली. ताश्कंदमध्ये १९९० च्या दशकात ‘ओर्तातुर्क’ नावाचा प्रकल्प मांडला गेला; सर्व तुर्की भाषांतील शब्दांची व रूपांची जणू सरासरी काढून मध्यवर्ती भाषा सिद्ध करावी, अशी त्यामागील कल्पना होती. कझाकस्तानने २०१७ मध्ये लॅटिन लिपीचा निर्णय जाहीर केला, परंतु त्याची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये बाकू येथेच तुर्की राष्ट्रांच्या वर्णमाला आयोगाने ३४ अक्षरांची समान वर्णमाला संमत केली. ती कोणावर बंधनकारक नाही.